आत्याबाईंची दुसरी ओळ

मी लग्नात मंगलाष्टकं म्हणते. काय करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, त्यावर समोरचा हमखास म्हणतो, ते झालं हो, पण काम काय करता? आता मी चिडायचं सोडून दिलंय. खोटं कशाला बोलू, सोडलेलं नाही.

आमचा संच छोटा होता. चुलत दीर पेटीवर, मी गायला, मुदखेडचे एक काका ढोलकीला आणि टाळ धरायला ज्याला त्या दिवशी वेळ असेल तो. नांदेडातून निघायचं आणि हिमायतनगरपासून लातूरपर्यंत जिथली सुपारी असेल तिथं जायचं. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, पण मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला अक्का म्हणायचे. वयानं ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी अक्काच. त्यांच्याकडे बाईमाणसाला तसंच म्हणायची रीत.

मंगलाष्टकांचं काम बाहेरून सोपं दिसतं. सहा श्लोक म्हटले, सावधान म्हटलं, झालं. पण किती वेळ म्हणायचं हे कुणाच्या बापालाही ठाऊक नसतं. पत्रिकेवर मुहूर्त बारा सदतीसचा असतो आणि नवरदेव मारुतीच्या देवळातून निघतोच बारा तीसला. कधी उलटंही होतं, सगळे वेळेत हजर, अंतरपाट धरलेला आणि मुहूर्ताला चांगली आठ-दहा मिनिटं बाकी. मग गुरुजी डोळ्यानं खुणावतात, आणखी एक. त्यात घरातलं कुणीतरी हातात कागद घेऊन पुढं येतं. प्रत्येक घरात एक तरी माणूस असं असतंच, ज्यानं स्वतः मंगलाष्टक जुळवलेलं असतं, आजोबा-पणज्यांपासून सगळ्यांची नावं त्यात कोंबून. त्यांना सूर नसतो, ताल नसतो आणि ऐन वेळी चष्मा सापडत नसतो. पण लग्न त्यांच्या घरचं असतं, आपण वाजवणारे.

काकांची खरी कामगिरी तिथं होती. श्लोक काही ठेक्यावर म्हणायचे नसतात, त्यामुळं ढोलकीला बराच वेळ गप्प बसावं लागतं, मधल्या जागा भराव्या लागतात. भल्याभल्यांना ते गप्प बसणं जमत नाही. काका माझ्याकडे बघतच नसत. त्यांची नजर अंतरपाटाच्या काठावर, गुरुजींच्या बोटांवर. अंतरपाट वीतभर हलला की शेवटच्या सावधानवर त्यांची थाप पडायची, आणि त्या थापेवर बाहेरचा बँड, फटाके, अक्षता, सगळं एकदम सुटायचं. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, गुलाबी रंगवलेल्या. पाच-सातशे माणसं मुठी आवळून त्या एका थापेची वाट बघत बसलेली असतात. इतक्या वर्षांत ती थाप मी एकदाही चुकलेली पाहिली नाही.

मग दिरांनी मशीन आणलं. आधी नुसता कीबोर्ड, मग त्यात ठेका, मग पेनड्राइव्ह. नांदेडातल्या एका स्टुडिओत माझ्याकडून सहाही मंगलाष्टकं म्हणवून घेतली, मागं संतूर लावलं, बासरी लावली, ढोलकीही त्यातच भरली आणि शेवटच्या सावधाननंतर शंख, बँड, सगळा दणका. मला आवडलं ते, नावं कशाला ठेवू? स्वतःचा तो आवाज मला लई आवडला. त्यात खोकला नव्हता, दम लागत नव्हता, वय नव्हतं.

सुरुवातीला मी ट्रॅकच्या वर गायची. मग मे महिन्यात एका दिवसात तीन-तीन लग्नं व्हायला लागली, तसा गळा सांभाळायला अर्धं गायची. मग नुसते ओठ हलवायला लागले. हे लिहितानाही कान गरम होतात, पण लिहायचंच ठरवलंय तर लिहिते. दोन वर्षं मी शालू नेसून, माइक हातात धरून, लोकांच्या लेकींच्या लग्नात ओठ हलवत उभी राहिले. कुणाला कळलं नाही. आणि त्याच काळात एकदा दीर म्हणाले की ट्रॅकमध्ये ढोलकी आहेच, काकांना खामखा कशाला न्यायचं, गाडीत जागा अडते. मला विचारलं त्यांनी. मी म्हणाले, तुम्हाला पटेल तसं करा. आपल्याकडं या वाक्याचा अर्थ हो असाच होतो, हे मलाही माहीत होतं आणि दिरांनाही. काकांना पुढच्या लग्नाचा फोन गेला नाही. त्यांनीही केला नाही.

लातूरची ती सुपारी आली तेव्हा नवरीनं स्वतः फोन केला होता. मैत्रिणीच्या लग्नात चार वर्षांपूर्वी माझं ऐकलं होतं म्हणे, तेव्हा काका होते. तेव्हाच तिनं वडिलांना सांगून ठेवलं होतं की माझ्या लग्नाला त्याच ताई पाहिजेत. शेतकरी घर, दोन लेकी, ही थोरली. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, येते की.

कार्यालय भरलेलं. अंतरपाट धरला, ट्रॅक सुरू झाला, मी ओठ हलवले. सहावा श्लोक संपला तेव्हा मुहूर्ताला पाचेक मिनिटं होती. गुरुजींनी हात वर करून थांबवलं आणि सांगितलं की नवरीच्या आत्याबाई स्वतः जुळवलेलं म्हणणार आहेत. दिरांनी ट्रॅक थांबवला. पुढं फक्त शेवटचं सावधान आणि दणका राहिला होता.

आत्याबाई म्हणजे वडिलांची मोठी बहीण, सत्तरीची, काठाची हिरवी साडी, हातात वहीचा रेघांचा कागद. त्यांनी पहिली ओळ म्हटली, बरी म्हटली. आणि थांबल्या. कागदाकडे बघत नुसत्या उभ्या. कीबोर्डमागं बसलेल्या दिरांना वाटलं, झालं त्यांचं. म्हाताऱ्या माणसाचं एवढंच असतं, एक ओळ, दोन ओळी. त्यांनी बटण दाबलं.

माझाच आवाज अख्ख्या कार्यालयात घुमला, सावधान. मागोमाग शंख, मागोमाग बँड. तो ऐकून बाहेरच्या खऱ्या बँडवाल्यांनी सुरू केलं, फटाके लागले, स्टेजवरच्या पोरांनी कागदी फुलांच्या नळ्या फोडल्या आणि पाच-सातशे मुठी उघडल्या. लग्न लागलं म्हणून माणसं उठली ती थेट पंगतीकडे. अंतरपाट अजून धरलेलाच होता. त्याच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव, एकमेकांना न दिसता ज्वारीखाली उभे. गुरुजी ओरडून सांगत होते, लग्न लागलेलं नाही, बसून घ्या. कोण ऐकतंय. आत्याबाई तशाच, माइक हातात, तोंड अर्धं उघडं.

नवरीच्या आईकडे बघवत नव्हतं. ती बाई खाली बसली होती आणि सतरंजीवरची ज्वारी चिमटी-चिमटीनं पदरात भरत होती. दुसऱ्यांदा टाकायला अक्षता कुठून आणणार?

गुरुजी मला म्हणाले, मशीन राहू द्या बाई, तुम्ही म्हणा एक, मुहूर्त साधू. मी तोंड उघडलं. माझी पट्टी पेटीवरची काळी चार, झोपेतून उठवलं तरी सापडायची एके काळी. त्या दिवशी हवेत सूर शोधला आणि हाती काही लागेना. भलत्याच उंच सुरात धरलं, तिसऱ्या ओळीत आवाज फाटला, चौथीला मी गप्प. गुरुजींनी कोरड्या आवाजात पुरं केलं. अंतरपाट खाली आला. जेमतेम पन्नास माणसं होती समोर, आणि आईच्या पदरातली ज्वारी.

नवरी रडली नाही. हार घालून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि हळूच, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "ताई, तुम्ही म्हणत नव्हता का?"

मी हातातला माइक दिरांकडे दिला.

परत येताना गाडीत दीर म्हणाले की फाईल एकत्र ठेवली हीच चूक, आता सावधानची वेगळी करतो, पुन्हा व्हायचं नाही. आणि त्यांचं खरं होतं. पुन्हा तसं झालं नसतं. त्यावरच मला इतका राग आला की अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. राग त्यांचा नव्हता. तो माणूस वाईट नाही, त्यालाही घर चालवायचं आहे. राग माझाच मला आला होता, आणि तो जाईना. त्या पोरीचं एक मंगलाष्टक माझ्या गळ्यात अडकून राहिलं होतं. तिनं मला बोलावलं होतं आणि मी गेलेच नव्हते, नुसती शालू नेसून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिरांना सांगितलं, ट्रॅकवर मी उभी राहणार नाही. त्यांनी समजावलं, लोकांना तेच पाहिजे वहिनी, लोक पहिला प्रश्न ट्रॅक आहे का हाच विचारतात. मी म्हटलं, विचारू द्या. मग ते दुसऱ्या एका बाईंना घेऊन जायला लागले आणि आवाज मात्र माझाच वाजत राहिला. म्हणजे बघा, माझा आवाज माझ्याशिवाय गावोगाव लग्नं लावत हिंडत होता आणि मी घरी भाजी निवडत होते. चार दिवस मी धुमसले. मग म्हटलं, हिंडू दे त्याला. मला दुसरा पाहिजे.

काका अर्धापूरला होते. जावयाचं केळीचं शेड आहे तिथं, माल धुवून, फण्या सोडवून, खोक्यात भरून गाडीत चढवायचा. काका खोक्यांवर चिकटपट्टी लावत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं, काका, तुम्हाला काढायचं ठरलं तेव्हा मला विचारलं होतं आणि मी हो म्हणाले होते. ते म्हणाले, ठावं हाय. मग मी लातूरचं सगळं सांगितलं, ओठ हलवण्यासकट, मशीनला चार शिव्याही घातल्या. त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडली.

"मशिनीला नावं ठेवत बसू नको, अक्का. व्हट तू हलवलेस."

ते म्हणाले, म्हण एक, हितंच. आजूबाजूला बायका टाकीत केळी धूत होत्या, गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी म्हटलं. काकांनी पुरं ऐकून घेतलं आणि विचारलं, ही पट्टी कुणाची, पाहुण्यांची का? टाकीवरच्या बायका खदाखदा हसल्या. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मी ठरवलं की हे शेड मी सोडणार नाही.

दिवसाआड नांदेडहून बसनं अर्धापूर. काकांनी ढोलकीची चाट, म्हणजे उंच सुराची बाजू, माझ्या पट्टीत चढवून कोपऱ्यात ठेवलेली. मी गेले की आधी सूर धरायचा, कशाचाही आधार न घेता, मग ते उठून एक टिचकी मारणार. सूर जुळला तर पुढं. नाही जुळला तर ते काही न बोलता परत खोक्यांकडे. पहिले पंधरा-वीस दिवस मी दर वेळी सुराच्या वर असायची. घरी, बसमध्ये, किराणा दुकानात, सारखी गुणगुणून बघायची. कंडक्टरला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलं. मग एक दिवस टिचकी पडली आणि ती कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते ते कळेना. काका म्हणाले, हाव, आता बस. तोवर त्यांनी मला बसायलाही सांगितलं नव्हतं.

पण खरी परीक्षा पुढं होती. काकांच्या खांद्यावर कायम एक दस्ती असायची, मोठा रुमाल, पांढरा, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला. तो चिक कितीही धुवा, निघत नाही. ती दस्ती त्यांनी दोन बायकांच्या हातात दिली, अंतरपाटासारखी ताणून धरायला लावली आणि मला म्हणाले, दस्ती हलेपर्यंत शेवटचं सावधान म्हणायचं नाही. मी सहा श्लोक म्हटले. दस्ती हलेना. सातवा कुठून आणू? मी थांबले की त्या दोघी म्हणायच्या, अजून न्हाई. त्यांना माझा छळ करण्यात काय मजा येत होती! मी सातवा शिकले, आठवा शिकले, जुन्या वह्या मागवल्या, गावोगावच्या आज्यांकडून उतरवून घेतले, तीसच्या वर गेले. तरी अजून न्हाई. दम कुठं घ्यायचा, कुठं आवाज राखायचा, कुणाच्या हाताकडे बघत गायचं हे त्या केळी धुणाऱ्या बायकांनी मला शिकवलं. त्यांच्या मनात असेल तेव्हाच दस्ती खाली यायची आणि काकांची थाप बरोबर तिच्यावर पडायची. दस्ती हलायच्या आधी त्यांना कसं कळायचं, मी विचारलं एकदा. म्हणाले, खांद्याकडं बघावं, हात मागून हलतो.

लहानसहान लग्नं घ्यायला लागलो आम्ही दोघं. पेटी नाही, ट्रॅक नाही. पुष्कळ जण फोनवरच नाही म्हणायचे. म्हणू देत.

मग एका गुरुजींकडून कळलं की लातूरच्या त्या घरात धाकटीचं लग्न ठरलंय. मी फोन केला. आईनं नाव ऐकलं आणि म्हणाली, आमच्या घरात तुमचं नाव काढत न्हाईत बाई. बरोबर होतं तिचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून लातूर गाठलं आणि दारात उभी राहिले. घालवून देतील तर देवोत. आपल्याकडं दारात आलेल्या बाईला पाणी तरी विचारतातच, तेवढ्यावर माझा भरवसा होता.

ओसरीवर बसून मी सगळं खरं सांगितलं. दोन वर्षं म्हणत नव्हते, त्या दिवशीही म्हणत नव्हते. वडील मान खाली घालून ऐकत होते. आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, त्यात तुमचा काय दोष बाई, मी अडकले म्हणून झालं ते. माझ्यापायी पोरीचं लग्न नासलं. त्या दिवसापासून त्यांनी साधी ओवीसुद्धा म्हटली नव्हती, आईनं सांगितलं. बारशाला नाही, कशाला नाही.

माझं लबाडीचं पाप ही म्हातारी एवढे दिवस स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती. मी विचारलं, तो कागद आहे का? त्यांनी देवघरातल्या डब्यातून आणून दिला. पहिली ओळ मी ऐकलेली होती. दुसरीत त्यांच्या आईचं नाव होतं. त्या ओळीवर कागद जरा फुगलेला, शाई पसरलेली. म्हणजे ही बाई विसरली नव्हती. घरी लिहितानाच तिचा तिथं कंठ दाटून आला होता, आणि स्टेजवरही तेच झालं. दोन घोट गिळायला वेळ पाहिजे होता, बस.

वडिलांनी निर्णय बहिणीवर सोडला. आत्याबाई म्हणाल्या, तुम्ही या, तुम्हीच म्हणा, मी काही म्हणणार नाही.

"मग मीही येणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही दुसरी ओळ म्हणायची. मी थांबते, किती का वेळ लागेना."

आगाऊपणाच होता तो. आपण न बोलावता दारात आलेलो, वर अटी घालायच्या! पण बोलून गेले आणि मागं घेतलं नाही. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावजयीला म्हणाल्या, चहा टाक.

धाकटीचं लग्न त्याच कार्यालयात. काका आणि मी, दोघंच. वरपक्षाचं कुणीतरी येऊन विचारून गेलं, बाकीचे वादक मागून येऊन राहिलेत का? काका म्हणाले, आलेत सगळे. थोरली आलेली दिसली, कडेवर वर्षाचं लेकरू, शेजारी नवरा. ती माझ्याकडे बघत होती पण जवळ आली नाही.

अंतरपाट धरला. मी डोळे मिटले आणि सूर धरला. काकांनी हळूच एक टिचकी मारली, मला ऐकू येईल इतकीच. जुळला होता. पाच म्हटले, सहा म्हटले, मुहूर्ताला वेळ होता म्हणून सातवा म्हटला. मग आत्याबाई पुढं आल्या. माइक घेतला, कागद उघडला, पहिली ओळ म्हटली, आणि थांबल्या.

सगळं कार्यालय गप्प झालं. ती आठवण तिथल्या प्रत्येकाला होती. मागच्या रांगेत कुणीतरी उठायला लागलं, त्याला बायकोनं हाताला धरून बसवलं. बँडवाला दारातून डोकावून काकांच्या हाताकडे बघत होता. काकांनी दोन्ही हात ढोलकीवरून उचलून मांडीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. मी माइक बाजूला धरून बारीक आवाजात नुसता षड्ज दिला, त्यांना टेकायला. दुसरी ओळ मला पाठ होती. सांगितली असती तर क्षणात सुटलं असतं. पण ते नाव त्यांच्या आईचं होतं, माझ्या तोंडून कसं येईल ते? एक लेकरू रडलं, गप्प झालं. माझा दम संपत आला, मी चोरून घेतला, परत सूर धरला. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि मनगट बाहीत लपवलं. काय गुणाचा माणूस!

आत्याबाईंनी चष्मा काढला. कागद घडी घालून कमरेला खोचला आणि दुसरी ओळ म्हटली, आईच्या नावासकट, पाठ. सुरात नव्हती, आणि मी तिच्याइतकी चांगली ओळ आजवर ऐकलेली नाही. मग तिसरी, चौथी, सगळी नावं, भाऊ, भावजय, दोन्ही पोरी, थोरलीचा नवरासुद्धा. मी गुरुजींच्या खांद्याकडे बघत होते. खांदा हलला, मी सावधान म्हटलं, अंतरपाट सुटला आणि काकांची थाप पडली. ज्वारी उडाली, बँड, फटाके, सगळं. यावेळी मी म्हणत होते.

माणसं पंगतीकडे निघाली. मी पाणी पीत होते तेवढ्यात थोरली स्टेजवर चढली, मागून नवरा. तिची एक मूठ अजून बंद होती. तिनं धाकटीवर अक्षता टाकल्याच नव्हत्या, की टाकून थोड्या राखल्या होत्या, मला माहीत नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आता म्हणा."

किती दिवसांचं राहिलेलं उत्तर होतं ते, मी माइक उचलला. काकांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि न बोलता आत्याबाईंच्या हातात एक टोक दिलं, आईच्या हातात दुसरं. केळीच्या चिकाचे डाग तसेच. त्या दोघींनी ती ताणून धरली. एकीकडे थोरली उभी राहिली, दुसरीकडे लेकराला कडेवर घेऊन तिचा नवरा. लेकरू दस्तीवरून पलीकडे बघून आईला शोधत होतं. समोर तीस-चाळीसच माणसं होती, त्या दिवसापेक्षाही कमी.

मी म्हटलं. सगळा जीव लावून म्हटलं. शेवटच्या ओळीला आले तेव्हा आत्याबाईंच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा काही हलेना. काकांचा हात वरच्या वर थांबला. आत्याबाईंनी दस्ती आणखी घट्ट धरली, भावजयीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या.

मी श्वास घेतला आणि दुसरं धरलं.